कोथिंबिरीच्या वाफ्यातली गांडुळं

चिंचवड, रविवार, १८ ऑगस्ट १९७४

अजून राग जात नाहीये. ह्यांचे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार, म्हणून ह्यांनी सकाळी माझ्या वाफ्यात कीटकनाशक पावडर ओतली. का, तर गांडुळं मातीच्या बारीक गोळ्या वर टाकतात, त्या घाण दिसतात.

कॉलनीतली ही जागा नुसता मुरूम होती. पाणी वरच साचायचं, मेथीसुद्धा धरेना. माहेरी माणला गेले की दादाच्या शेतातली माती गांडुळांसकट डब्यातून आणायची, वर पालापाचोळा घालायचा. गांडुळांनीच ही जमीन भुसभुशीत केली. त्या गोळ्यांवरच तर कोथिंबीर पोसली.

"अगं, गांडुळंच ती," हे म्हणाले. तोवर ती फरशीवर येऊन तडफडत होती. मला बघवेना.

संध्याकाळी साहेबांच्या बाई म्हणाल्या, "किती छान कोथिंबीर. थोडी नेऊ का?"

"न्या की," हे हसत म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "सकाळीच ह्यांनी त्यात विष टाकलंय."

आता हे रुसून बसलेत. म्हणे, साहेबांसमोर विष कशाला म्हणायचं? मग काय म्हणायचं होतं?

उद्या वाफा अगदी स्वच्छ दिसेल. मातीची एकही गोळी नसेल त्यावर.