सात नंबरची पाठ

२ मार्च, सोमवार

नोटीस लागली! 'उत्कृष्ट परिचारिका पुरस्कार — रुग्णसेवा व समाजसेवा.' अठरा तारखेला समारंभ. ज्या बोर्डावर गेले चार महिने 'लिफ्ट बंद आहे' एवढंच वाचायला मिळत होतं, तिथे आज फुलांची किनार काढलेला कागद.

अर्ज ज्याचा त्याने भरायचा आहे. म्हणजे आपली पाठ आपणच थोपटायची आणि नीट थोपटल्याचा पुरावाही जोडायचा. प्रश्न तिसरा — 'आपल्या अंगी असलेल्या करुणेचे एक उदाहरण द्या (शंभर शब्दांत).' शंभरच! एकशे एकावा शब्द झाला की करुणा जास्त होते वाटतं. प्रश्न पाचवा — 'समाजसेवेची किमान तीन छायाचित्रे.'

हा प्रश्न खास फोटोबाईंसाठी काढलाय. आमच्याच वॉर्डातली ही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सुट्टीच्या दिवशी तपासणी शिबिरांना जाते, आणि फोटो निघाला नाही तर शिबिर झालंच नाही असं तिचं ठाम मत. आज दाखवत होती — एका आजोबांचा दंड, दंडाला बीपीचा पट्टा, पट्ट्याला चौघींचे हात. आजोबांचं डोकं फोटोत मावलेलं नाही. "ताई, बघा ना, किती छान आलाय!" बीपी किती आलं विचारलं, तर म्हणे ते दुसरीने लिहून घेतलं.

४ मार्च, बुधवार

अर्ज भरला.

हो, भरला! इथे कोण बघतंय? मला हवाय तो पुरस्कार. एकोणीस वर्षं लोकांची अंगं पुसली, ओकाऱ्या झेलल्या, शिव्या खाल्ल्या, आणि दाखवायला माझ्याकडे एक चिटोरं नाही. बाकी रकाने भरताना हसू येत होतं. सातव्या प्रश्नाला मात्र पेन ताठ झालं — 'गेल्या वर्षभरात आपल्या देखरेखीखालील किती रुग्णांना पडून राहिल्याने पाठीला जखमा झाल्या?' शून्य. आकड्यात आणि अक्षरात. आणि हे खरं आहे. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, उशी लावायची, पाठ बघायची, तक्त्यात त्या वेळेच्या चौकटीत सही करायची. करुणा वगैरे काही लागत नाही. घड्याळ लागतं. पण जरा बाकीच्या वॉर्डांतल्या पाठी जाऊन बघा!

सध्या सात नंबरला घड्याळवाले काका आहेत. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. अंगावर मूठभर मांस नाही, त्यामुळे जरा उशीर झाला की कंबरेखाली लाल होतं. दिवसभर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत पडलेले असतात. ते तीन मिनिटं पुढे आहे. त्यांना ते दिसत असणार आणि सांगता येत नसणार, बिचारे.

५ मार्च, गुरुवार

सासूबाईंनी भिंतीत खिळा ठोकला. प्रमाणपत्रासाठी! "आधीच असलेला बरा, मग ऐनवेळी घाई होते." बाजारात तुरी म्हणतात ते हेच. नवरा म्हणाला, "नाही मिळालं तर कॅलेंडर लावू." धीर द्यायची पद्धत!

९ मार्च, सोमवार

आज समारंभाची तालीम. रांगेत कसं उभं राहायचं, पुष्पगुच्छ कुठल्या हाताने द्यायचा, स्वागतगीत कुठे थांबवायचं. साडेदहाला मेट्रन आल्या आणि माझ्या वॉर्डातल्या तिघींना घेऊन गेल्या. "अर्ध्या तासात पाठवते." मागे मी एकटी आणि अठ्ठावीस पेशंट. मावशी रजेवर. परिचारिकांचा गौरव करायचाय म्हणून वॉर्डात परिचारिका नाही — असं डोकं चालवायला मोठ्या पदावरच बसावं लागतं.

अर्ध्या तासाचे चार तास झाले. प्रमुख पाहुण्यांच्या जागी कारकुनाला बसवलं होतं म्हणे. त्याने तालमीतच वीस मिनिटं भाषण ठोकलं! त्यात फोटोबाई दोनदा गायब. दोन्ही वेळा गीत पहिल्यापासून म्हणावं लागलं. मेट्रन सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडल्या. कुठे गेली होती ते सांगेना. पावडर लावायला, दुसरं काय! तिच्या पावडरीपायी मी इकडे—

लिहू की नको? लिहिते.

साडेअकराला दम लागलेली एक बाई आली. ओठ निळे. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, तोवर चौदा नंबरने सलाईन उपटून टाकली, कुणाला बेडपॅन, कुणाच्या नातेवाइकांचं भांडण. बारा वाजून गेले. मग दोन वाजून गेले. काकांची खाट पार टोकाला, मागच्या दाराशी, पडद्याआड. दहाला उताणं ठेवलं होतं. तिकडे फिरकलेच नाही.

पावणेतीनला टेबलावर बसून तक्ते पुरे करायला घेतले. सात नंबरच्या दोन चौकटी रिकाम्या. भरल्या. बाराला डावी कूस, दोनला उजवी कूस. दोन्ही सह्या एका दमात. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पडदा सारून बघायचं धैर्य झालं नाही. पुढच्या ड्यूटीवालीला लांबूनच म्हटलं, "सात नंबर ठीक." तिने चारला वळवलं असेल. दहा ते चार. सहा तास!

१० मार्च, मंगळवार

सुट्टी. भाजी करपली. दोनदा.

११ मार्च, बुधवार

अर्धा तास आधी गेले. काकांना कुशीवर घेतलं, पाठ उघडली. साफ! लाल ठिपकासुद्धा नाही. तळव्याने चाचपून बघितलं. सहा तास उताणं राहून असं कसं? नशीब माझं. नाही, काकांचं.

काकांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चोराच्या मनात चांदणं! त्यांच्या बायकोने, काकूंनी, तोंड उघडलं — "सिस्टर, त्या दिवशी ना..." मी म्हटलं, "नंतर हं काकू," आणि सटकले.

१४ मार्च, शनिवार

मला! पुरस्कार मला!

मेट्रननी खोलीत बोलावून सांगितलं. "वर्षभराचे तक्ते तपासले. एक चौकट रिकामी नाही. तुमचे तक्ते म्हणजे आरसा." आरसा! त्यात माझं तोंड कसं दिसतंय ते त्यांना कुठे ठाऊक?

फोटोबाईंचा अर्ज आधीच बाद. तालीम न विचारता दोनदा सोडून गेल्याबद्दल तिच्या नावापुढे शेराही पडला. लिहायला लाज वाटते, पण ऐकून बरं वाटलं. ती मात्र धावत येऊन गळ्यात पडली. "ताई, हसा ना!" फोटो. मी हसले. फोटोत दाढ दुखत असल्यासारखी दिसते.

सासूबाईंनी खिळा हलवून बघितला. पक्का आहे.

१७ मार्च, मंगळवार

उद्या दोन शब्द बोलायचे आहेत. "मी फक्त माझं कर्तव्य केलं" — आरशासमोर पाच वेळा म्हटलं, मग आरसाच पुसायला घेतला.

गप्प बसायचं ठरवलंय. पाठ साफ आहे ना? मग शून्य ते शून्यच. दोन सह्यांचं काय एवढं? झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला हात दाखवून अवलक्षण?

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. नाकाने कांदे सोलायला मी सगळ्यांत पुढे. पण मला तो कागद हवाय. त्या खिळ्यावर हवाय.

१८ मार्च, बुधवार, सकाळ

काका आज घरी चालले. काकूंनी मला दारातच गाठलं, या वेळी सटकू दिलं नाही. "त्या दिवशी तुमची किती तारांबळ हो! मी हाक मारणार होते, तेवढ्यात त्या फोटोवाल्या सिस्टर मागच्या दाराने पळत आल्या. बाराला एकदा, दोनला एकदा. ह्यांना वळवलं, उशी लावली, पाठ बघितली, की पुन्हा पळाल्या. मला म्हणाल्या, ताईंना सांगू नका. एक वेळ चुकली तर त्यांना जेवण जात नाही."

समारंभ अकराला. तक्ता फाईलमधून काढला. दोन चौकटींतल्या माझ्या सह्या खोडल्या, तिथे तिचं नाव लिहिलं. खाली लिहिलं — 'आधीच्या सह्या मी खोट्या केल्या होत्या.' त्याखाली सही. ही खरी.

मेट्रनच्या दाराबाहेर भिंतीला वही टेकवून हे लिहितेय. आत जाते. त्या दोन वेळांचा तिच्याकडे एकही फोटो नाही, म्हणून हा कागद तरी पाहिजे.