नियम सतरावा : पूर्ण स्क्रीन दाखवा

२ फेब्रुवारी, सोमवार
कॉलेजच्या ऑनलाइन शिक्षक मदत कक्षाचा प्रमुख होऊन आज दोन वर्षं झाली. कक्षात प्रमुख मी, कर्मचारीही मीच. कुणी अभिनंदन केलं नाही. मोठ्या माणसांच्या नशिबी हे असायचंच.

प्राचार्यांनी मात्र बोलावलं. म्हणाले, जानेवारीत तुमच्याकडे एकही शिक्षक मदत मागायला आला नाही. महिनाअखेरीस समिती येतेय, कक्ष ठेवायचा की बंद करायचा ते ठरवेल. मी हसून सांगितलं, सर, डॉक्टरकडे गर्दी नाही म्हणजे गाव ठणठणीत आहे. ते म्हणाले, किंवा गावानं डॉक्टर बदललाय. फार खोचक माणूस.

संकल्प : फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलणार. शिक्षकांवर चिडणार नाही. मार्गदर्शिका पूर्ण करणार.

३ फेब्रुवारी
फोन वाजलाच नाही. पहिला संकल्प तंतोतंत पाळला.

बायकोला समितीचं सांगितलं. तिनं विचारलं, म्हणजे परत ग्रंथालयात बसून पुस्तकांना चिकट्या लावणार का? वर आठवण करून दिली की रसायनशास्त्राच्या बाईंचा आवाज दुरुस्त करायला गेलास आणि कॅमेराही बंद पाडून आलास. नवऱ्यानं घरी सगळं सांगू नये हेच खरं. पण चिकट्यांचं ऐकून रात्रीच मार्गदर्शिका लिहायला बसलो.

५ फेब्रुवारी
मार्गदर्शिका तयार! चांगली जाडजूड. छापून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवली. माझा आवडता नियम सतरावा : ऑनलाइन वर्गात एकच खिडकी न दाखवता नेहमी पूर्ण स्क्रीन दाखवा. विद्यार्थ्यांपासून काय लपवायचं?

अकाउंटन्सीच्या सरांनी शंका काढली, मध्येच एखादा खासगी मेसेज वर आला तर? मी म्हणालो, कर नाही त्याला डर कशाला. मार्गदर्शिका उचलून वर्गावर निघून गेले. पटलं असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार
शिपायाकडून कळलं की रसायनशास्त्राच्या बाई मार्गदर्शिका रोज वापरतात. लॅपटॉपखाली ठेवतात. कॅमेरा बरोबर डोळ्यांच्या उंचीला येतो. शेवटी आधार झाला ना? झालं तर मग.

दुपारी बाई स्वतः कक्षात आल्या! म्यूटचं बटण कुठं असतं, विचारत होत्या. चार वर्षं ऑनलाइन शिकवतायत आणि म्यूट माहीत नाही. पण चिडलो नाही. ध्वनी म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. बाईंनी सोफ्यावर रेलून, डोळे मिटून, अगदी एकाग्रतेनं ऐकलं. जाताना म्हणाल्या, इथं एसीत किती शांत वाटतं. तो एसी खरं तर रेकॉर्डिंगच्या यंत्रांसाठी बसवलाय. यंत्रं यायची आहेत.

११ फेब्रुवारी
काल भूगोलाचे सर, आज अकाउंटन्सीचे. रांगच लागली म्हणायची! अकाउंटन्सीच्या सरांना लॅपटॉप बंद कसा करायचा ते हवं होतं. मी सविस्तर सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. ज्ञान पचायला वेळ लागतो. उठल्यावर चहा करून दिला.

नंतर सहज स्टाफरूममध्ये डोकावलो. हेच सर दोन स्क्रीनवर वर्ग चालवत होते, मुलांची चाचणी घेत होते आणि डाव्या हातानं शेजाऱ्याचा माइक दुरुस्त करत होते. एका दिवसात केवढी प्रगती! माझी पद्धतच तशी आहे.

बायको म्हणाली, सगळ्यांची अक्कल एकाच आठवड्यात कशी गेली? तिला कक्षाचं काम कळत नाही.

१८ फेब्रुवारी
चार्जर भिंतीत कोणत्या बाजूनं घालायचा, इति भूगोलाचे सर. आज थोडा चिडलो. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून विरघळलो. बिचारे कालपासून आठवून आठवून प्रश्न आणत असावेत.

कळस म्हणजे माझ्या दारात बाई आणि अकाउंटन्सीचे सर कुजबुजत भांडताना सापडले. आज नंबर माझा, तुमचा उद्या. माझ्यासाठी भांडणं! प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते खोकल्यासारखं हसले. जळतात.

२४ फेब्रुवारी
परवा समिती. ठरलं असं : बाई समितीसमोर ऑनलाइन धडा घेतील, मी शेजारी उभा राहून मदत करीन. इस्त्रीचा शर्ट तयार. सत्कार झालाच तर बोलायचे चार विनम्र शब्दही तयार.

बाई विचारत होत्या, फक्त धड्याची खिडकी दाखवली तर चालेल का? म्हटलं, नियम सतरावा. पुन्हा विचारलं. पुन्हा सतरावा. नियम एकदा वाचा तरी, म्हणालो. वाचला असता हो, पण लॅपटॉप उचलावा लागेल, म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी
अरेरे.

धडा सुरू झाला. भिंतभर पूर्ण स्क्रीन. आम्लं, क्षार, सगळं छान. तेवढ्यात कोपऱ्यात मेसेज आला. ग्रुपचं नाव 'गार खोली'. उद्या मदत कक्षात नंबर कोणाचा? माझे बावळट प्रश्न संपले. लगेच दुसरा : माऊस कसा धरायचा ते विचार. मग तिसरा : काहीही विचारा, पण जा. कक्ष बंद झाला तर ती खोली हिशेब विभागाला जाईल, एसी आणि सोफ्यासकट.

समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा लावून तिन्ही वाचले. मी धावलो, मेसेज बंद करायचं बटण दाबलं. अख्खा धडा बंद झाला. रसायनशास्त्राच्या बाईंनी माझा हात हळूच बाजूला केला आणि एका टिचकीत सगळं पूर्ववत केलं. म्यूट कुठं असतं तेसुद्धा त्यांना चांगलं ठाऊक असल्याचं दिसलं.

विनम्र शब्द खिशातच राहिले.

२७ फेब्रुवारी
ऑफिसला गेलो नाही. बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय. तिनं काही न विचारता दार लोटून घेतलं. एवढ्या शहाण्या बाईशी लग्न करायला नको होतं.

लागलं मनाला. सोफ्यासाठी येत होते. मी मात्र रोज नवी उदाहरणं शोधून ठेवत होतो. चिकट्या तर चिकट्या, निदान पुस्तकं अज्ञानाचं सोंग घेत नाहीत.

२८ फेब्रुवारी, शनिवार
समितीचा निर्णय आला. कक्ष राहणार. नवं नाव : शिक्षक विश्रांती व मदत कक्ष. प्रमुख मीच. प्राचार्य म्हणाले, पाहणी करताना अध्यक्ष बाई सोफ्यावर बसल्या, त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मी म्हटलं, म्हणजे निर्णय सोफ्यानं घेतला. ते म्हणाले, तसं लिहिता येत नाही.

दुपारी फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. रसायनशास्त्राच्या बाई. एसी चालू आहे का? म्हटलं, आहे, या. दोन मिनिटांत आल्या, चपला काढल्या, सोफ्यावर बसल्या आणि विचारू लागल्या, माऊस कसा धरायचा असतो?

मला राहवलं नाही. म्हणालो, बाई, आता कशाला हे नाटक? कक्ष राहिला, सोफा राहिला, खुशाल पडा. मी एक अक्षर बोलणार नाही.

बाई उठून बसल्या. चेहरा पडला त्यांचा. म्हणाल्या, असं नका ना करू. काल तुम्ही नव्हतात तर आम्ही तिघंही इथं नुसते छताकडे बघत बसलो. तुम्ही समजावून सांगायला लागल्याशिवाय झोपच लागत नाही हो.

 मग खुर्ची ओढली. माऊस म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. डाव्या बटणापर्यंत पोचलो आणि बाई घोरू लागल्या.

उजवं बटण पूर्ण केलं तरीही. अर्धवट शिकवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

संकल्प : सोमवारपासून आवाज जरा खालचा ठेवणार.