गल्लीभर वाटलेले पेढे

मंगळवार, संध्याकाळ

दुपारपासून तो नंबर बंद लागतोय. वीस वेळा लावला. म्हणजे फसलेच मी. मोबाईलवर मेसेज काय आला, 'तुम्हाला लॉटरीत स्कूटर लागली', आणि मी बावळट, फी म्हणून पैसे पाठवून मोकळी! तिकीट कधी काढलं होतं मी? हे तेव्हा का नाही सुचलं?

पैशांचं जाऊ दे. पण ते पेढे? स्कूटर दारात यायच्या आधीच रविवारी राजारामपुरीतनं दोन किलो आणले आणि अख्ख्या गल्लीत वाटले. आता जो तो विचारणार, "गाडी कधी येणार?" कुणाला काही सांगायचंच नाही, असं ठरवून बसले होते.

आणि मघाशी खालच्या शमशादभाभी धावत वर आल्या. साड्यांना फॉल-पिको करतात त्या.

"ताई, मला बी लागली की स्कूटर! हातातली साडी झाली की पैसे पाठवते. तुमचा पेढा खाल्ला नसता तर खोटंच वाटलं असतं बघा."

आणि मी म्हणाले काय, तर "अरे वा!" खरं सांगायला जीभ का रेटली नाही? गल्ली हसेल म्हणून?

खाली त्यांचं मशीन चालू आहे, तोवर पैसे गेलेले नाहीत. जाऊन सांगू? त्यांनी चारचौघींना सांगितलं तर? सांगू देत. पण तोंड कसं दाखवू? पेढा मीच भरवला होता त्यांना, माझ्या हातानं.

अगं बाई, मशीन थांबलं. चालले मी खाली.