धबधब्यावर राहिलेले 'अहो'

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, थकलेल्या आणि अजून पुरत्या न वाळलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरतेस ना? (नसशीलच धरत. आपल्या घराण्यात ऐकून घ्यायची पद्धतच नाही.) आमची खुशाली विचारशील, तर शरीराने दोघंही धड आहोत. बाकीचं खाली लिहितो आहे, ते बसून वाच.

आम्ही सहलीला निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र मिळालं. वरच्या मजल्यावरची मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेते, रंग मोतिया हवा की फिका निळा ते कळवा, आणि कायमचे राहायला कधी येताय तेही कळवा, असं तू लिहिलंस. भाऊजी गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात तू एकटी, इकडे मी निवृत्त, पोरं आपापल्या संसारात. माझ्या बाजूने प्रश्नच नव्हता. मी मनाने केव्हाच तिथे येऊन खिडकीपाशी खुर्ची टाकली होती! प्रश्न होता तुझ्या भावजयीचा. ही गोष्ट घरी विचारण्यासारखी नाही. घरी मी काहीही विचारलं की ती आधी मिक्सर लावते. तेव्हा मी ठरवलं, की सहलीत तिला नदीतून बोटीने धबधबे दाखवायला न्यायचं, आणि ती खुशीत असताना हळूच विषय काढायचा. मला वाटलं, काय डोकं चालवलंय!

तर हिला पाण्याची भयंकर भीती वाटते, हे मला काठावर पोचल्यावर कळलं. ती म्हणते, तिने मला हे अनेकदा सांगितलं आहे. सांगितलंही असेल. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर जन्म गेला माझा. समोरचा माणूस बोलायला लागला, की माझ्या तोंडून 'हं, बघतो' आपोआप निघतं आणि कान आपोआप मिटतात. (त्याशिवाय त्या खिडकीवर कोणी टिकत नाही. माझ्या आधीचा होता तो सगळं मनापासून ऐकायचा. त्याला केस गळून लांबलचक रजा घ्यावी लागली.) नावाड्याने सगळ्यांना एकसारखी नारिंगी जाकिटं वाटली. माझ्या जाकिटाचा बंद तुटका निघाला. मी तसं सांगितलं, तर फोनवरून मान न काढता तो म्हणाला, "हं, बघतो." ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी ते खिडकीच्या अलीकडून ऐकलं. फार लागलं गं.

बसल्या बसल्या हिने डोळे गच्च मिटले, डोक्याकानावरून टॉवेल गुंडाळला आणि माझा दंड असा धरला, की तिची बोटं अजून तिथे उठलेली आहेत. म्हटलं, एवढी जवळ बसली आहे, हीच वेळ. पण इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. तेव्हा टॉवेलाशी तोंड नेऊन मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, की ताईकडे कायमचं राहायला जायचं का? आणि नेमकं त्याच क्षणी नावाड्याने इंजिन बंद केलं! (पुढे खडक होता म्हणे.) सगळी बोट वळून माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, कोण ताई? मी म्हटलं, माझी बहीण. "म्हणजे हिची नणंद!" असं म्हणून आजींनी जो श्वास आत ओढला, तो मला वाटतं त्यांनी उतरेपर्यंत सोडला नाही. मग काय, जो तो तोंड घालायला लागला. एक बाई नणंदेकडे आठवडाभर राहून आल्या होत्या, त्यांनी ते साग्रसंगीत सांगितलं. एका गृहस्थांनी हात वर करून मत घ्यायची सूचना मांडली. (निकाल तुला कळवत नाही. उगाच मनाला लावून घेशील.) या सगळ्यात ही मात्र नुसती टॉवेलातून मुसमुसत होती.

धबधबे सुंदर आहेत, असं लोक म्हणत होते. माझ्या चष्म्यावर पाणी उडून मला सगळीकडे दूधच दिसत होतं. ही बोटीतून हललीच नाही. मी उतरलो, शेवाळावरून घसरलो, आणि माझी डावी चप्पल प्रवाहाबरोबर निघाली. मी तिच्या मागे. इतक्यात नावाड्याने भोंगा वाजवला आणि बोटीतून हिची हाक आली, "अहो! आलात का?"

आता तूच सांग ताई, त्या काठावर झाडून सगळे नवरे 'अहो'च होते की! जाकिटं सगळ्यांची नारिंगी. शेजारीच दुसरी बोट लागली होती. तिच्यातल्या कुठल्यातरी बाईंनीही तेव्हाच आपल्या 'अहों'ना हाक मारली असणार, कारण एक आडव्या अंगाचे गृहस्थ "आलो, आलो" करत लगबगीने आले आणि थेट हिच्याशेजारी बसले. हिने डोळे मिटूनच त्यांचा दंड धरला. बोट सुटली! मी एका चपलेवर उभा राहून "अगं! अगं!" म्हणून ओरडलो, तर काठावरच्या यच्चयावत बायकांनी माझ्याकडे पाहिलं. जिने बघायला हवं होतं ती वळणाआड गेली होती. (आपल्यात नावाने हाक मारायला काय धाड भरते कोण जाणे.)

मला त्या दुसऱ्या बोटीत जागा मिळाली, म्हणजे त्याच गृहस्थांची रिकामी जागा, त्यांच्या बायकोशेजारी. त्या माउलीने परतीच्या सबंध वाटेवर आपल्या नवऱ्याचे एकूणएक गुण मला ऐकवले, आणि तेही माझ्याकडे अशा रागाने बघत, की ते माझेच असावेत. धक्क्यावर उतरून बघतो तर ही बाकावर बसलेली, डोळे सुजलेले, पण चेहरा कसा हलका झालेला. ते गृहस्थ लांब खांबाआड उभे. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, खोलीच्या प्रश्नाचं उत्तर मी बोटीत देऊन टाकलं. फार दिवस मनात होतं, धीर गोळा करून सगळं बोलले, आणि डोळे उघडून बघते तर हे परके काका! आता मी पुन्हा सांगणार नाही. माझ्याच्याने पुन्हा होणार नाही.

म्हणजे बघ, माझ्या बायकोने मला दिलेलं उत्तर एका तिऱ्हाईत माणसाकडे! ते आमच्याच लॉजवर उतरले होते, तिथल्या जेवणघरात मी त्यांना गाठलं. बिचारे माझ्याहून जास्त घाबरलेले. चूक लक्षात आली तेव्हा बोट मधोमध होती, आणि शेजारी बाई रडतेय म्हटल्यावर हात सोडवून घेणं त्यांना बरं दिसेना. इंजिनामुळे धड ऐकू येत नव्हतं. 'नणंद', 'खोली', 'आता पुरे झालं', 'एकटी' एवढंच कानावर पडलं. शेवटी तिने काहीतरी विचारलं, त्यावर ते "हो, खुशाल" म्हणाले. मी म्हटलं, अहो, खुशाल काय? ते म्हणाले, काय म्हणालात असं परत कसं विचारणार, त्या इतक्या आशेने विचारत होत्या!

आता यातून निघायचा तो अर्थ उघड आहे. आता पुरे झालं, मला नणंदेची खोली नको, मी एकटी आहे तीच बरी, असंच ना? ताई, मी हात टेकले. तुझं एकटीचं घर डोळ्यांपुढे येतं आणि मला घास गोड लागत नाही. अधूनमधून येऊन जात जाईन, याहून जास्त काही माझ्या हातात उरलं नाही.

कळावे. या पत्रानंतरही लोभ शिल्लक राहिला, तर तो असू द्यावा.

तुझा,
अनवाणी धाकटा

ता. क.: रंगारी आला असेल तर त्याला परत पाठव. आणि हिच्यावर रागावू नकोस. स्वभावाने वाईट नाही ती.

ता. क. २: पाकीट चिकटवायच्या आत हिने पत्र वाचलं. म्हणाली, सगळं उलटं लिहिलंत. तिला तुझ्याकडे यायचं आहे, केव्हापासून यायचं आहे. वन्सं माझं नीट ऐकून घेतात, म्हणाली. रंग मोतिया. मी आनंदाने उडालोच! विचारलं, मग बोटीत रडायला काय झालं होतं? तर म्हणाली, मी एकटीच गेले तर चालेल का, हे विचारायचं होतं. तुम्हाला ते विचारताना जीव तुटत होता म्हणून रडू येत होतं.

ती उद्या घरी न परतता परस्पर तुझ्याकडेच निघते आहे. बॅग भरून झाली, त्यात माझा रुमालसुद्धा नाही. पत्र टपालात टाकू नका, मीच हातात देते, म्हणाली. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्यासमोरच बसलेली असेल. ताई, मला तिच्यावाचून राहवणार नाही गं. पत्र बाजूला ठेव, आणि तिला आत्ताच्या आत्ता विचार, मी येऊ का?