कोर्टात घेतलेलं नाव

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी कागद पुढ्यात घेऊन तुमच्याशी त्या एका खटल्याबद्दल बोलायला बसले आहे. निजामी जाऊन परभणीच्या कोर्टात नुकती मराठी ऐकू येऊ लागली होती. तुम्ही मात्र अशिलाला अजून मुवक्किलच म्हणायचात. मी तुमची लेक, तुमच्याच हाताखालची नवी वकील, कोर्टापेक्षा सभांत जास्त गाजलेली. पाथरीच्या सभेत मी बायकांना झापलं होतं, की नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं हे कुठल्या शहाण्यानं सांगितलं? घ्या मोठ्यानं. त्या पदरात तोंड लपवून हसल्या.

मग देवगाव फाट्याजवळ एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचा खून झाला. चराईवरून त्याच्याशी भांडलेला एक मेंढपाळ पकडला गेला, आणि त्याचं वकीलपत्र माझ्याकडे आलं. त्या रात्री त्याची मेंढरं खतासाठी पेडगावच्या एका शेतात बसवलेली होती, तोही तिथंच होता. पण शेताचा मालक जमीनदाराच्या धाकानं बोलेना. मी पुन्हा पुन्हा जाऊन त्याला साक्षीला उभं केलं. तुरुंगातल्या भेटीत मी कलमं समजावत राहायची, मेंढपाळ निमूट ऐकायचा. एकदा मध्येच म्हणाला, "बाई, मघापासून तुमीच बोलायलाव. जेवलाव का?" आई गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही.

साक्ष झाली त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. तुम्ही ताटाला हात न लावता म्हणालात, "आज दिवसभरात तू मुवक्किलाचं नाव घेतलं नाहीस. 'हे पेडगावला होते', 'यांना ठाऊक नव्हतं', असंच म्हणत राहिलीस. बाई नवऱ्याबद्दल असं बोलते."

माझा हात पिठातच थांबला. सरकारी वकिलाच्या ध्यानात आलं, तर साक्षीदार प्रेमात पडलेल्या बाईनं पढवलेला ठरेल आणि मुवक्किल फासावर जाईल, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. "उद्या नाव घे. नाहीतर वकालतनामा सोड."

दुसऱ्या दिवशी मी उभी राहते. नाव घेते, बापाच्या नावासकट, खणखणीत, परक्याचं घ्यावं तसं. पिंजऱ्यातून तो मान वर करून बघतो. त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानंतर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो सुटला. तुमच्या पाया पडला, मला लांबूनच हात जोडले, आणि कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला निघून गेला. सरकार अपिलात जाऊ शकतं, मुदत टळेपर्यंत निरोपसुद्धा धाडू नकोस, असं तुम्ही बजावलंत. मी थांबले. अपिलाची मुदत टळली तेव्हा तो कुठल्या मुलखात आहे, हे कोणालाच सांगता येईना.

तुमचं बरोबर होतं, आबा. याचाच मला इतकी वर्षं राग आहे. सभांतून मी अजून तेच सांगते, नवऱ्याचं नाव मोठ्यानं घ्या; बायका आता टाळ्याही वाजवतात. घरी येऊन एकटीपुरती भाकर टाकते. तो जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, कोणी वाचायचाही नाही. तरी मघाशी त्याचं नाव लिहायला गेले आणि हात मागे घेतला. असेल कुठं, तर असू दे म्हटलं.