बिनकाट्याचा मासा

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. नांदुऱ्याच्या ज्या खानावळीत मी दर रविवारी माझ्या शेततळ्यातले जिवंत रोहू देतो, तिच्या मालकानं आज ड्रमचं झाकणही उघडलं नाही. म्हणे, "भाऊ, आता परदेशातला पाकिटातला मासा येते. काटा नाही, साफ करायची कटकट नाही, अन् तुमच्याहून स्वस्त."

समुद्र ओलांडून, बर्फात पडून आलेला मासा माझ्याहून स्वस्त कसा? मी पेंड विकत घेतो, उन्हाळाभर तळ्यात बोअरचं पाणी सोडतो. ते लोक माशांना काय हवा खाऊ घालतात?

भांडलोच मी. म्हटलं, "गिऱ्हाइकाले चव समजते." तो हसला. "मांगच्या रविवारी तुमाले तोच तळून देल्ला होता. आपल्या तळ्याची चवच न्यारी, असं तुमीच म्हनत होते."

खाल्ला होता खरा. एकही काटा लागला नाही, तरी माझ्या ध्यानात काऊन आलं नाही?

परत आणलेल्या रोहूचाच घरी रस्सा झाला. पोरीनं नेहमीसारखं ताट माझ्याकडे सरकवलं. "बाबा, काटे काढून द्या ना."

आज पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो.