माझ्या नावाची कबर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सेमारांग, बस स्टँड

माझ्यावर पान आहे! मुक्त ज्ञानकोशात! तीन वर्षं झाली म्हणे. मला आज कळतंय, तेही दार्सोकडून. मी बसमध्ये गातो, दार्सो ढोलकी वाजवतो आणि टोपी फिरवतो. एवढाच आमचा धंदा. मला कांग म्हणतो, म्हणजे दादा. फोन चार्जिंगला लावून बसला होता, मधेच ओरडला, "कांग, तू सुराकार्ताचा कधी झालास?"

वाचलं. अकलेचं दिवाळं निघालंय नुसतं.

'जन्म सुराकार्ता.' — बोयोलालीच्या वर, डोंगरात, जिथे माणसांपेक्षा गायी जास्त, तिथला मी. जवळचं मोठं शहर दिसलं, दिला ढकलून!

'उकुलेले वाजवतो.' — केंत्रुंग! केंत्रुंग म्हणतात त्याला! तारा तरी मोजायच्या होत्या.

'चपला गेल्या हे त्याचं गाजलेलं गाणं सामाजिक विषमतेवर भाष्य करतं.' — भाष्य!! शुक्रवारच्या नमाजला मशिदीच्या पायरीवरून माझ्या कोऱ्या चपला गेल्या, त्याचं गाणं आहे ते. चोराला शिव्या आहेत त्यात. आजही भेटला तर तोंडावर देईन. लोकांनी फोनवर फिरवलं, गाजलं, यात माझा काय गुन्हा?

'कला महाविद्यालयात शिक्षण.' — त्याच्या फाटकाबाहेर मी तळलेलं तोफू विकायचो. आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण हे राहू दे. कुणाचं काय बिघडतंय?

आणि मग ते. 'जन्मवर्ष १९९८.' चूक, १९९६. त्याखाली — 'थोरला भाऊ जगद विसेसो हा बालपणीच वारला.'

चहा सांडला माझा. जगद विसेसो मीच आहे रे गाढवांनो!

४ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलंच. म्हणून लिहितो, नाहीतर वहीला हे माहीत आहेच.

जन्मलो तेव्हा माझं नाव ठेवलं जगद विसेसो. जगाचा धनी! बाप गोठ्यात शेण काढतोय आणि पोरगा जगाचा धनी! मग मी आजारी पडलो. अंग तापायचं, पोटात दूध ठरायचं नाही. गावातला म्हातारा म्हणाला, नाव जड झालंय पोराला, पेलवत नाही. आमच्याकडे होतं असं. नाव बदलतात, पोर उठतं. मला वलुयो केलं. वलुयो म्हणजे बरा झालेला. आणि झालो की!

जुनं नाव आईने कबरस्तानात नेऊन पुरलं. चाफ्याखाली हातभर कबर आहे, वर लाकडी पाटी, पाटीवर नुसतं नाव. उपवासाचा महिना लागायच्या आधी न्याद्रान असतं, सगळं गाव कबरी झाडायला जातं, तेव्हा ती पाटी मी रंगवतो. लहानपणी काय तोरा होता माझा! तुमच्या आज्या-पणज्यांच्या कबरी, आणि माझी माझ्या स्वतःची! दोन गाण्यांच्या मधे हाच किस्सा सांगतो. बस हसते, टोपी भरते. अर्धं पोट या कबरीवर चालतं माझं.

त्याचा या दीडशहाण्यांनी भाऊ केला.

दार्सो जेवताना म्हणाला, "कांग, एक विचारू? आमच्या तेगलमध्येही नावं बदलतात. पण नाव कुणी पुरत नाही. पुरतात ते माणसाला."

"तुमच्या तेगलमध्ये धड बोलताही येत नाही कुणाला," मी म्हटलं. "भात खा."

६ फेब्रुवारी. कुदुस

स्वतःच दुरुस्त केलं. बटण दाबायचं असतं फक्त, कुणीही करू शकतं. भाऊ पुसला, १९९६ घातलं, केंत्रुंग घातलं, गाव घातलं. झकास! सूप पिऊन बघतो तर भाऊ पुन्हा हजर! केंत्रुंग तेवढं ठेवलंय.

'पहाटधुकं' नावाचा कुणी सदस्य आहे. नाव बघा! आईबापांनी ठेवलेलं सांगायची लाज वाटत असणार. त्याने लिहिलंय — 'नमस्कार. आपले तीन बदल उलटवले आहेत. कृपया स्रोत द्यावा.'

मी लिहिलं, स्रोत मी. मीच वलुयो.

'स्वतःविषयी स्वतः दिलेली माहिती ग्राह्य धरता येत नाही. कृपया समजून घ्यावे.'

घेतलं समजून! म्हणजे माझ्याबद्दल सगळ्या जगाने बोलावं, मी सोडून!

ओळखपत्राचा फोटो चढवला. सरकारी! त्यावर ठळक १९९६. तर म्हणतो, 'ओळखपत्र हा प्रकाशित स्रोत नव्हे. शिवाय आपली खाजगी माहिती उघड होत होती, म्हणून काढून टाकले. काळजी घ्यावी.'

काळजी घ्यावी म्हणे. माझी आई लागून गेलास काय तू?

७ फेब्रुवारी

धुक्याचा स्रोत सापडला. गाणं फिरलं तेव्हा बोयोलालीचा पेपरवाला गावात आला होता. मी तेव्हा सुराबायाच्या बाजूला भटकत होतो, मग त्याने बापालाच गाठलं. बाप त्याला म्हणाला, "थोरला गेला. त्याच्या मागून दोन वर्षांनी हा. हा राहिला." छापलंय तसंच, पाटीवरचं नाव आणि साल घालून.

बापाची अर्धी बाजू तेव्हा गेलेली होती. गायीला आजीच्या नावाने हाक मारायचा. त्याच वर्षी वारला बिचारा. भ्रमिष्ट म्हाताऱ्याचं बरळणं — स्रोत! शुद्धीतल्या माणसाचं बोलणं — कृपया समजून घ्यावे!

८ फेब्रुवारी

बू रेत्नोचा फोन. टीव्हीवाल्या बाई. उपवासाच्या महिन्यात रोज संध्याकाळी दाखवायच्या कार्यक्रमात मला घेतायत. एक अख्खा भाग माझा! इतके दिवस वहीलाही सांगितलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

"वलुयो, गाणं शेवटी. आधी भाऊ," बाई म्हणाल्या. "भावाचं सांगताना मधे जरा थांबायचं. कॅमेरा जवळ येईल."

"बू, भाऊ नाहीये मला."

"अगोबाई! ज्ञानकोशात आहे ना!"

"ते चूक आहे. ती माझी कबर आहे. म्हणजे माझ्या नावाची."

 बाई अगदी मऊ आवाजात, "हे बघ, दुःख झाकायचं प्रत्येकाचं आपलं असतं. आपण हळूहळू काढू बाहेर."

काढू बाहेर! काटा आहे काय तो?

१० फेब्रुवारी. पातीच्या रस्त्यावर

बसमध्ये शेळी चढली. माझ्यापेक्षा तिला जास्त पैसे पडले — एका बाईने चक्क टोपीतून नोट काढून शेळीवाल्याला दिली! हिचंही पान असेल ज्ञानकोशात. आणि त्यात एक चूक नसेल.

१३ फेब्रुवारी

आईला फोन केला. नेहमीप्रमाणे फोन उलटा धरलेला, आधी गोठाच ऐकू येत होता, मग तिचं 'ले', म्हणजे 'पोरा'.

"काल तुझा दिवस होता, ले. बुधवार-क्लिवोन. तांबडी-पांढरी खीर केली. दोन वाट्या, नेहमीसारख्या." आमच्याकडे सात वारांना पाच बाजारवार जोडतात, म्हणून दर पस्तीस दिवसांनी माझा जन्मवार फिरून येतो आणि आई खीर करते, मी असो नसो.

म्हटलं, आई, लोकांनी लिहिलंय मला थोरला भाऊ होता. बापाचं नाव सांगून लिहिलंय.

पलीकडे गाय हंबरली.

"लिहिलंय तर असू दे," आई म्हणाली. "कागदवाल्यांशी भांडू नये. जेवतोस ना वेळेवर?"

"अगं, माझं वय बदललंय त्यांनी! माझं मीपण पुसलंय!"

"बावीसला न्याद्रान आहे. पांढरा रंग घेऊन ये, इथला फार पातळ मिळतो."

हे आमचं घर! कुणाला कशाचं काही नाही.

१५ फेब्रुवारी

धुक्याने पान पुन्हा तपासलं. 'कला महाविद्यालयात शिक्षण' काढून टाकलं — स्रोत नाही म्हणून.

एवढी एकच ओळ बरी होती!

१७ फेब्रुवारी

बू रेत्नो पुन्हा. पंचवीसला रेकॉर्डिंग. "भाऊ नसेल तर नुसत्या चपलांवर अर्धा तास कसा ओढू मी, तूच सांग." एक आंधळ्या बापाची पोरगी तयार ठेवली आहे म्हणाल्या. गाते बरी, रडते फार छान.

दार्सो म्हणतो, "रड ना कांग! खोटं तर खोटं. बसमध्ये काय सगळं खरं सांगतोस?"

बसमधलं वेगळं. तिथे मी माझ्याच कबरीवर हसवतो. दुसऱ्या कुणाला तिच्यात घालून रडायचं? नाही जमणार. मेलेला मी आहे, माझा हक्क आहे!

ठरलं. गावी जातो. कबरीपाशी आईला उभी करतो, फोनवर बोलायला लावतो, ते त्याच पेपरवाल्याला देतो. छापू दे. मग बघू धुकं काय म्हणतं. बू रेत्नोलाही तेच दाखवीन — भावापेक्षा भारी गोष्ट आहे ही, डोकं असेल तर कळेल.

दार्सो आला नाही. तेगलला आईकडे गेला. जाताना म्हणाला, "विचारशील तेव्हा जरा नीट विचार." म्हणजे कसं नीट?

२२ फेब्रुवारी, शनिवार. गावी

उजेड आहे तोवर लिहून टाकतो.

सकाळी सगळं गाव कबरस्तानात. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, तांदळाचे गोड आपेम, केळी, कोंबडी. धुरात उदाचा वास. मला बघून शेजारचे पाक मार्तो ओरडले, "आले हो चपलावाले! सांभाळा आपापल्या!" सगळे हसले. मी पण.

बापाची कबर झाडली. मग चाफ्याखाली आलो. पाटी घासली, रंग दिला, नाव काळ्याने पुन्हा काढलं. ज-ग-द. अक्षर माझं चांगलं आहे, आठवीपर्यंतचं असलं तरी. आई पडलेली फुलं वेचत होती. मी फोन सुरू केला, तिच्यासमोर धरला.

"सांग आई. इथे काय पुरलंय?"

"बंद कर ते."

"दोन वाक्यं, बस. माझं पहिलं नाव जगद विसेसो होतं, ते इथे पुरलं. एवढंच बोल."

ती फुलं वेचतच राहिली. मी म्हटलं, अगं, जगाला कळू दे खरं काय ते.

तेव्हा तिने वर बघितलं. फोनकडे नाही, माझ्याकडे.

"इथे तुझा भाऊ आहे, ले."

मी हसलो. खरंच हसलो, फोनमध्ये आवाज आहे त्याचा. म्हटलं, तूसुद्धा पान वाचलंस की काय!

मग ती बोलली ते सगळं सलग नाही आठवत. मधे कुणी आलं की थांबायची, आपेम द्यायची घ्यायची, पुन्हा बोलायची. पहिला तो. नाव त्याचं. दीड वर्षाचा झाला, ताप आला, गेला. मग मी. "तुझ्या बापाचा हट्ट. तेच नाव तुलाही ठेवलं. त्याला वाटलं, तोच परत आलाय. मग तूही तसाच तापायला लागलास. म्हातारा म्हणाला, हे नाव याचं नाही, ज्याचं त्याला देऊन टाका. म्हणून इथे आणून त्याला परत दिलं."

म्हणजे नाव पुरलं होतंच. पण रिकाम्या जागी नाही.

"मग मला असं का सांगितलंस?"

"एवढासा होतास. पाटीकडे बोट दाखवून विचारलंस, इथे कोण. म्हटलं, तुझं जुनं नाव. हसलास तू. इतक्या वर्षांत इथे येऊन पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं. मग तेच राहू दिलं."

ओळखपत्र? "जन्माचा दाखला त्याचाच होता घरात. शाळेत तोच दिला, वरचं नाव तेवढं बदलून घेतलं. दुसरा काढायला तुझा बाप गेला नाही. म्हणायचा, नवा काढला तर पहिला रद्द होईल."

वर्गात मी सगळ्यात बुटका. गुरुजी म्हणायचे, गाईचं दूध पिऊन पोर वासराएवढंच राहिलं! दोन वर्षांनी मोठ्या पोरांत बसवलं होतं मला.

आणि खीर. बुधवार-क्लिवोन त्याचा. दोन वाट्या. एक मी खायचो. दुसरी शेजारी देते म्हणायची.

पाटीवरचा रंग ओला होता. आईने त्यावर चिकटलेलं फूल काढलं, हळूच.

२३ फेब्रुवारी

बू रेत्नोचा फोन वाजतोय सकाळपासून. उचलला शेवटी. म्हटलं, त्या आंधळ्याच्या पोरीला घ्या.

"अरे पण भावाचं —"

"भाऊ होता," म्हटलं. "म्हणूनच नाही."

व्हिडिओ पुसला. धुक्याला लिहिलं — १९९८ बरोबर आहे, भावाची ओळ राहू द्या. मिनिटभरात उत्तर! या माणसाला दुसरा उद्योग नाही. 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे. कृपया पूर्ण जन्मतारीख कळवावी, तारीख व महिना.'

२४ फेब्रुवारी

आईला विचारलं. दूध काढत होती, मान वर केली नाही.

"त्याचा दिवस, वार, घटका सगळं ध्यानात ठेवलं होतं. काय झालं? तुझं मग मी मुद्दामच ठेवलं नाही, ले."